घटांची जोडणी व विद्युद्दाब

साहित्य : विजेरीचे दोन सारखे व नवे घट (सेल), अडीच व्होल्टचा दिवा, आवरण असलेली तांब्याची तार.

विषयप्रवेश : ठाणे, डोंबिवली, कल्याण या मार्गावरील विजेची गाडी मुलांच्या परिचयाची असते. विजेरीतील वीज हाताळता येते, मग गाडीवरील तारेपासून दूर का राहावयाचे, या प्रश्नाने पाठाचा आरंभ करावा.

प्रयोग : प्रथम एका घटावर दिवा लावावा. घटाचा दाब दीड व्होल्ट असल्याने प्रकाश मंद पडतो. नंतर एका घटाचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकास लावावे. ही एकसरी जोडणी होय. हिच्यात दाबांची बेरीज होऊन तीन व्होल्ट मिळतात व दिवा प्रखर होतो. आता एक घट उलटा करावा. दोन्ही दाब परस्परविरुद्ध होतात व दिवा विझतो.

यानंतर धन टोके एकत्र व ऋण टोके एकत्र जोडावीत. या समांतर जोडणीत दाब दीड व्होल्टच राहतो, मात्र भार दोहोंत वाटला गेल्याने घट अधिक काळ टिकतात. घट वाढले म्हणजे दाब वाढलाच पाहिजे, हा मुलांचा समज येथे दूर होतो. समांतर जोडणीत घट उलटा लावू देऊ नये, तो तापतो.

उपयोजन : ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेची गाडी १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर धावली. एवढ्या दाबासाठी किती घट एकसरीत लागतील, हे गणित मुलांकडून सोडवून घ्यावे. उत्तर एक हजार येईल. आज याच मार्गावर २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आहे. केवळ आकड्यांनी तुलना केली तरी हा दाब साडेसोळा हजारांहून अधिक घटांचा होतो. अशा तारेस प्रत्यक्ष स्पर्श न होता नुसते निकट गेले तरी वीज हवेतून झेप घेऊ शकते. म्हणून गाडीच्या टपावर चढणे किंवा तारेकडे काठी नेणे प्राणघातक आहे, हे मुलांच्या मनावर ठसवावे. घरातील विजेवरही कोणताच प्रयोग करू देऊ नये.

प्रश्न : १. चार घट एकसरीत जोडल्यास दाब किती? २. तीन घट समांतर जोडल्यास किती? ३. एकसरीतील तीन घटांपैकी एक उलटा असल्यास किती?

उत्तरे : ६, १.५ व १.५ व्होल्ट.