सायकलवीर कोप्पी व त्याचे अंध गुरू

इटली देशाच्या वायव्य भागात पीदमाँत नावाचा प्रांत आहे. त्या प्रांतातील टेकड्यांवर कास्तेलानिया हे एक चिमुकले खेडे वसले आहे. याच खेड्यात १५ सप्टेंबर १९१९ रोजी एका शेतकऱ्याच्या घरी फाउस्तो कोप्पीचा जन्म झाला. मुलगा अंगाने काटकुळा होता. छाती पिंपासारखी, पाय लांबच लांब व हाडे नाजूक. त्यामुळे चालताना तो काहीसा बेढब दिसे. परंतु सायकलीवर बसला, की त्याचे सारे बेढबपण कोठच्या कोठे नाहीसे होई.

सायकलीचे वेड त्याला लहानपणीच लागले. एकदा शाळा बुडवून तो सायकल फिरवीत असल्याचे उघडकीस आले, तेव्हा आपण शाळेत असावयास हवे, सायकलीवर नव्हे, असे शंभर वेळा लिहून काढण्याची शिक्षा त्याला झाली, असे सांगतात. शिक्षेचा उपयोग झाला नाही. कोवळ्या वयातच शाळा सुटली आणि नोवी लिगुरे या जवळच्या गावी एका खाटकाच्या दुकानात तो नोकरीस लागला. गिऱ्हाइकांच्या घरी सायकलवरून माल पोहोचविणे हे त्याचे काम. खेड्यातून गावात येणे, दिवसभर गावात हेलपाटे घालणे व परत टेकडी चढून घरी जाणे, असा त्याचा क्रम चालू झाला. पुढे त्याने जी तपश्चर्या केली, तिचा श्रीगणेशा या हेलपाट्यांतच झाला होता. जहाजावर नोकरी करणाऱ्या एका चुलत्याने पैशाची मदत केली, तेव्हा कोठे त्याला शर्यतीची सायकल मिळाली.

त्या गावी बियाजो कावान्ना नावाचे एक गृहस्थ राहत असत. तरुणपणी ते मुष्टियोद्धे होते. नंतर खेळाडूंचे अंग रगडून देण्याचा व्यवसाय त्यांनी पत्करला. जिरार्देन्गोसारख्या नामांकित सायकलपटूचे पाय त्यांच्या हाताखालून गेले होते. पुढे त्यांची दृष्टी गेली. पण डोळ्यांचे काम त्यांची बोटे करू लागली. मांडीवर व पोटरीवर हात फिरवून, नाडी मोजून आणि छातीला कान लावून ते माणसाची पारख करीत. कोप्पीचे शरीर त्यांनी असेच चाचपून पाहिले. नाडी मंद होती. सामान्य माणसाच्या नाडीचे ठोके विश्रांतीच्या वेळी मिनिटास सत्तरच्या आसपास पडतात. कोप्पीचे पुढील काळात चाळीसहूनही कमी पडत, असे म्हणतात. खाटकाच्या पोऱ्यामध्ये काय दडले आहे, हे त्या अंध गृहस्थांनी ओळखले व त्याला आपल्या शिष्यमंडळीत घेतले.

कावान्नांची शिस्त कडक होती. पहाटे उठावयाचे, पाऊस असो वा थंडी असो, ठरलेला पल्ला गाठून यावयाचे, आल्यावर गुरूंच्या हाताखाली पाय द्यावयाचे आणि रात्री लवकर निजावयाचे. स्नायू किती थकला आहे, उद्याचा पल्ला वाढवावा की शिष्याला घरी बसवावे, हे गुरूंची बोटे सांगत. शिष्याचे मत विचारण्याची पद्धत नव्हती.

रस्त्यावरील लांब पल्ल्याच्या शर्यतीला केवळ पायांतील जोर पुरत नाही; तेथे दमसास लागतो. हा दमसास कसा वाढतो, हे जाणून घेण्यासारखे आहे. आपले स्नायू भट्टीसारखे असून त्यांत मुख्यतः दोन प्रकारचे इंधन जळते. एक इंधन म्हणजे भात, पोळी, बटाटा अशा अन्नापासून तयार होऊन स्नायूंत व यकृतात साठून राहिलेली साखर, आणि दुसरे म्हणजे अंगातील चरबी. साखर चटकन पेट घेते. परंतु तिचा साठा सुमारे अर्धा किलोच असतो, आणि सायकल जोराने हाकली तर दोनेक तासांत तो संपत येतो. चरबी मात्र कृश माणसाच्या अंगातही पुष्कळ दिवस पुरेल इतकी असते. पण ती सावकाश जळते आणि प्राणवायूही अधिक मागते. शर्यत तर सहा-सात तासांची! ज्याची साखर घाट येण्यापूर्वीच संपली, त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, हातपाय कापू लागतात व लहानसा चढही त्याला पर्वतासारखा भासू लागतो.

म्हणून खऱ्या सायकलपटूची साधना वेगाने होत नाही, ती आश्चर्य वाटावे इतक्या संथपणे होते. शेजारच्या सोबत्याशी बोलता येईल अशा गतीने तो चार चार, पाच पाच तास जात राहतो. या संथ फेऱ्यांनी हृदयाचा एकेक ठोका अधिक रक्त पुढे ढकलू लागतो. स्नायूंत केसाहूनही बारीक अशा नव्या रक्तवाहिन्या फुटतात. पेशींतील ज्या सूक्ष्म भट्ट्यांत इंधन जळते त्यांची संख्या वाढते, आणि शरीर चरबीवर चालावयास शिकून साखर अखेरच्या घाटासाठी राखून ठेवते. आजचे बहुतेक व्यावसायिक सायकलपटू आपल्या सरावाचा सुमारे चार पंचमांश वेळ असाच घालवितात. उरलेल्या वेळात मात्र ते छाती फुटेल इतक्या जोराने घाट चढतात. नवशिका नेमका याच्या उलट वागतो. त्याला रोजच थोडेसे दमल्यावाचून समाधान वाटत नाही, आणि त्यामुळे त्याची संथ फेरी पुरेशी संथ राहत नाही व वेगाची फेरी पुरेशी वेगवान होत नाही.

या साधनेला काळही फार लागतो. एका हिवाळ्यात कोणी कोप्पी होत नाही. आणि मिळविलेला दमसास बिछान्यात पडून राहिल्यास थोड्याच आठवड्यांत ओसरू लागतो.

१९४० साली कोप्पी इटलीच्या ‘जिरो’ या महाशर्यतीत प्रथमच उतरला, तो स्वतः जिंकण्यासाठी नव्हे. त्या संघाचा नायक जिनो बार्ताली होता आणि कोप्पी त्याचा साहाय्यक. नायकाला वाऱ्यापासून आडोसा द्यावा, पाणी आणून द्यावे, प्रसंगी स्वतःचे चाक काढून द्यावे, हे साहाय्यकाचे काम. परंतु आरंभीच बार्ताली पडून जखमी झाला, आणि आबेतोने घाट ओलांडून कोप्पी एकटाच मोदेना शहरी पोहोचला. पुढे आल्प्सच्या रांगांत त्याचे बळ सरत आले, तेव्हा बार्तालीने त्याला खडसावून, धीर देऊन पुढे नेले. वयाच्या विसाव्या वर्षी कोप्पी विजयी झाला. दुसऱ्याच दिवशी, १० जून १९४० रोजी, इटलीने महायुद्धात उडी घेतली.

७ नोव्हेंबर १९४२ रोजी मिलान शहरातील विगोरेल्ली या धावपट्टीवर त्याने एका तासात ४५.७९८ किलोमीटर अंतर कापले. पूर्वीचा उच्चांक त्याने अवघ्या ३१ मीटरांनी मोडला. पण त्या काळी मिलानवर बॉम्ब पडत होते व अन्नाची टंचाई होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या ३१ मीटरांची किंमत कळते. यानंतर त्याला सैनिक म्हणून आफ्रिकेत पाठविण्यात आले. १९४३ साली ट्युनिशियात तो इंग्रजांच्या हाती सापडला व सुमारे दोन वर्षे बंदिवासात राहिला. ऐन उमेदीची वर्षे अशी गेली.

युद्ध संपल्यावर त्याने पुन्हा पहिल्या धड्यापासून आरंभ केला. १९ मार्च १९४६ रोजी मिलान ते सान रेमो ही सुमारे २९० किलोमीटरांची शर्यत होती. शर्यत सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता, तोच काही स्वारांबरोबर तो पुढे निघाला. जाणत्यांनी माना हलविल्या. इतक्या लवकर निघालेला माणूस शेवटपर्यंत टिकत नाही, हा अनुभव होता. तुर्किनो घाटात त्याने उरलेल्या सोबत्यांनाही मागे टाकले आणि दुसऱ्या क्रमांकाच्या स्वाराहून १४ मिनिटे आधी तो समुद्रकाठच्या त्या नगरात येऊन दाखल झाला. हिवाळाभर घेतलेले कष्ट त्या दिवशी लोकांना दिसले.

आहाराविषयीही त्याने जुनी रूढी मोडली. पूर्वीचे स्वार भल्या पहाटे मांसाचा मोठा तुकडा खाऊन निघत व वाटेत मद्यही घेत. कोप्पीने जड जेवण सोडले. फळे, भाज्या व सहज पचणारे पिठूळ पदार्थ थोडे थोडे करून वारंवार खाण्याचा परिपाठ ठेवला. आज तर सायकलपटूंना शर्यतीत तासाला ९० ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक साखर पोटात घालावी लागते, आणि ती पचविण्याचीही सवय सरावातच करावी लागते.

विश्रांती हा या साधनेचा सर्वांत अवघड भाग होय. कष्टाने स्नायू बळकट होत नाही. कष्टाने तो झिजतो, आणि नंतरच्या झोपेत व विसाव्यात बळकट होतो. सकाळी अंथरुणातच नाडी नेहमीपेक्षा जलद लागली, तर शरीर अद्याप सावरले नाही असे समजून सायकल भिंतीशी टेकवून ठेवणे इष्ट. मनस्वी खेळाडूला हे जमत नाही. कोप्पीला मात्र हे सांगावयास कावान्ना होते.

१९४९ साली त्याने इटली व फ्रान्स या दोन्ही देशांच्या महाशर्यती एकाच वर्षी जिंकल्या; असे पूर्वी कोणालाच साधले नव्हते. १० जून रोजी इटलीतील कुनेओ ते पिनेरोलो या टप्प्यात पाच घाट होते व अंतर २५४ किलोमीटर होते. पहिल्याच घाटात कोप्पी पुढे सरसावला आणि पावसाचिखलातून १९२ किलोमीटर एकटा गेला. बार्ताली दुसरा आला; त्याला यावयास जवळजवळ बारा मिनिटे अधिक लागली. फ्रान्समध्ये मात्र आरंभीच कोप्पी कोसळला, त्याची सायकल मोडली व तो अर्ध्या तासाहूनही अधिक मागे पडला. घरी परत जावे असे त्याच्या मनात येऊ लागले. संघाच्या मंडळींनी त्याला कसेबसे थांबविले, आणि घाटांचा प्रदेश आल्यावर त्याने सारी तूट भरून काढली.

या कीर्तीला एक काळी बाजूही आहे, आणि ती झाकण्याचे कारण नाही. त्या काळी अनेक स्वार थकवा जाणवू नये म्हणून उत्तेजक औषधे घेत. आपणही ती घेतली, हे कोप्पीने उघडपणे कबूल केले होते. त्यांवर तेव्हा बंदी नव्हती. ही औषधे बळ देत नाहीत, ती केवळ थकव्याचा आवाज बंद करतात. आणि थकवा हा तर शरीराचा पहारेकरी! १३ जुलै १९६७ रोजी टॉम सिम्पसन हा इंग्रज सायकलपटू मों व्हांतू पर्वताच्या चढावर उन्हात कोसळून मरण पावला, तेव्हा त्याच्या शरीरात अशी औषधे आढळली. कावान्नांच्या बोटांनी थकवा शोधून काढावा आणि औषधाने तो लपवावा, असा हा विपरीत प्रकार होता.

दमसासाला न जुमानणारी दुःखेही असतात. कोप्पीचा धाकटा भाऊ सेर्से हाही सायकलपटू होता. १९५१ साली एका शर्यतीत तो पडला, उठून मुक्कामी आला आणि त्याच दिवशी मेंदूतील रक्तस्रावाने वारला. थोड्याच दिवसांत कोप्पी फ्रान्सच्या शर्यतीला गेला. पाय तेच होते. परंतु मॉंपेल्येच्या रस्त्यावर तो अगदीच गळून गेला व अर्ध्या तासाहून अधिक मागे पडला. पुढल्या वर्षी, १९५२ साली, त्याने पुन्हा दोन्ही महाशर्यती जिंकल्या.

आता सायकलीवरच यंत्र बसविलेले असते. स्वार किती वॅट शक्ती लावतो आहे, हृदयाचे ठोके किती पडत आहेत, हे क्षणोक्षणी आकड्यांत दिसते. स्वार वर्षाला २५ ते ३५ हजार किलोमीटर सायकल चालवितात व रक्तातील तांबड्या पेशी वाढाव्यात म्हणून उंच पर्वतांवर आठवडेच्या आठवडे मुक्काम करतात. हे आकडे वाचून उद्याचा पल्ला ठरविणारा माणूस मात्र अजूनही लागतोच.

डिसेंबर १९५९ मध्ये काही मित्रांसह कोप्पी आफ्रिकेतील अपर व्होल्टा या देशात गेला होता. त्या देशाला आता बुर्किना फासो म्हणतात. तेथून परतल्यावर त्याला व त्याचा मित्र जेमिनियानी याला कडक ताप भरला. जेमिनियानीचा हिवताप फ्रान्समधील डॉक्टरांनी ओळखला व क्विनीनने तो वाचला. कोप्पीचा ताप मात्र हिवतापाचा म्हणून ओळखला गेला नाही. २ जानेवारी १९६० रोजी वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. कास्तेलानियाच्या टेकडीवर सेर्सेच्या शेजारीच त्याची समाधी आहे. त्याच्या जन्माला १०० वर्षे झाली त्या वर्षी, २०१९ साली, गावाचे नाव ‘कास्तेलानिया कोप्पी’ असे करण्यात आले. दूरदूरचे सायकलस्वार आजही तेथे येतात. वाट चढाची आहे. तीवरूनच तो खाटकाचा पोऱ्या रोज संध्याकाळी घरी परतत असे.