शिवारातील पाठ : बियांचा प्रवास

(इयत्ता ३ री व ४ थी. योग्य काळ : कार्तिक-मार्गशीर्ष)

‘बियांचा प्रसार वारा, पाणी व प्राणी यांच्यामार्फत होतो,’ हे वाक्य चौथीतील मुले बिनचूक म्हणून दाखवितात. त्याच वेळी त्यांच्या सदऱ्यास आघाड्याचे बी चिकटलेले असते. परंतु या दोहोंचा संबंध त्यांच्या ध्यानी येत नाही. वाक्य पाठ होते, समज मात्र येत नाही.

ही उणीव केवळ चार भिंतींच्या आत भरून निघणे कठीण आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे कार्य आरंभिले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून त्यांनी व अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. तिला ‘कुरणशाळा’ म्हणत. मुलाच्या जगात शाळेने प्रथम पाऊल टाकावे, हा त्यामागील विचार प्रत्येक गावात आचरता येण्याजोगा आहे.

पूर्वतयारी : शिक्षकांनी आदल्या दिवशी बांध व माळ पाहून ठेवावा, उघडी विहीर टाळावी. गुंज, धोतरा व एरंड यांच्या बिया विषारी असून रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक आहे, याची मुलांस स्पष्ट समज द्यावी. चार-पाच मुलांचे गट करावेत. शेळ्या-गुरे राखणारी मुले निरनिराळ्या गटांत असावीत.

शिवारात : प्रत्येक गटाने पाच प्रकारच्या बिया गोळा कराव्यात व त्या कोठे मिळाल्या हे लक्षात ठेवावे. शिक्षकांनी माहिती सांगण्याची घाई करू नये. ‘हे येथे कसे आले असेल?’ एवढेच विचारावे. देवळाच्या भिंतीत पिंपळ कसा उगवला? शेळ्यांच्या वाड्यात बाभळीचे बी कसे आले? याचे उत्तर पुष्कळदा वर्गात मान खाली घालून बसणारे मूलच देते. परत आल्यावर ते उत्तर त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहावे. आपल्यालाही काही येते, ही जाणीव त्या मुलास शाळेत टिकवून धरते.

वर्गात : वाळलेले कुसळ पाटीवर ठेवून त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकावेत. पीळ उलगडून कुसळ फिरू लागते. वाळताच पुन्हा पीळ बसतो. दव व ऊन यांच्या साहाय्याने बी जमिनीत कसे शिरत असेल, हे मुलांनीच ताडावे.

हस्तकृती : कागद, शेवरीचा कापूस, काटे व माती देऊन ‘दूर जाईल असे बी बनवा’ असे सांगावे. नमुना दाखवू नये. नमुना दाखविला की सर्व बिया एकसारख्या होतात. ओट्यावरून बी सोडून अंतर पावलांनी मोजावे व वहीत मांडावे. जवळच पडलेल्या बीची थट्टा होऊ न देता, ते का पडले याचा विचार करवून ते पुन्हा बनवू द्यावे.

पडताळा : आठवड्याने एक अपरिचित बी मुलाच्या हाती देऊन ‘हे कसे प्रवास करीत असेल? कशावरून?’ असे विचारावे. नाव न सांगता आले तरी चालेल. त्यावरील काटा, पंख वा केस दाखवून जो कारण सांगेल, त्यास पाठ समजला असे मानावे.