महाश्वातील एक सूर्य

आश्विन-कार्तिकाच्या दिवसांत, पावसाळी ढग ओसरून आकाश धुतल्यासारखे स्वच्छ झाले म्हणजे, रात्री आठ-नऊच्या सुमारास अंगणात उभे राहून डोक्यावर पाहावे. चार ताऱ्यांचा एक मोठा चौकोन तेथे दिसतो. त्याच्या आत एकही ठळक तारा नाही, म्हणून तो चटकन नजरेत भरतो. पश्चिमेकडील दोन तारे म्हणजे आपल्या पंचांगातील पूर्वाभाद्रपदा नक्षत्र आणि पूर्वेकडील दोन म्हणजे उत्तराभाद्रपदा. पाश्चात्त्यांनी आकाशाच्या ह्या भागात पंख असलेल्या एका घोड्याची कल्पना केली. त्याचे नाव पेगासस. मराठीत त्या तारकासमूहाला महाश्व म्हणतात.

पूर्वाभाद्रपदेच्या दोन ताऱ्यांना जोडणारी रेषा मनाशी काढा आणि तिच्या मध्यापासून किंचित पश्चिमेला सरका. तेथे एक अतिशय मंद तारा आहे. शहरातील दिव्यांच्या झगमगाटात तो मुळीच दिसणार नाही. परंतु खेड्यातील अमावास्येच्या काळोखात एखाद्या तीक्ष्ण दृष्टीच्या मुलाला तो दिसू शकेल. अमरावतीच्या आकाशात तर तो जवळजवळ नेमका माथ्यावरून जातो. फ्लॅमस्टीड नावाच्या इंग्रज ज्योतिर्विदाच्या तारासूचीवरून त्याला '५१ पेगासी' असे म्हणतात. दिसायला इतका नगण्य, की ह्याला कोणी वेगळे नाव देण्याचीही तसदी घेतली नव्हती. पण आपल्या सूर्यासारख्या दुसऱ्या एखाद्या सूर्याभोवती फिरणारा ग्रह मानवाला प्रथम सापडला, तो ह्याच ताऱ्याभोवती, १९९५ साली.

हा तारा आपल्या सूर्याचा जणू सख्खा भाऊच. तसाच पिवळा, जवळजवळ तेवढाच तप्त, वस्तुमानाने थोडासा अधिक. मग तो इतका मंद का दिसतो? अर्थातच अंतरामुळे. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर धावतो. सूर्यापासून आपल्यापर्यंत यावयास त्याला सव्वाआठ मिनिटे लागतात. ५१ पेगासीपासून निघालेल्या प्रकाशाला मात्र सुमारे पन्नास वर्षे लागतात. आज रात्री त्याचा जो किरण तुमच्या डोळ्यांत शिरेल, तो निघाला तेव्हा तुमच्यापैकी कित्येकांचे आईवडीलही जन्मले नव्हते.

तारे हे दूरचे सूर्य आहेत आणि त्यांनाही ग्रह असतील, हा विचार नवा नाही. इटलीतील जिओर्दानो ब्रूनो ह्याने तो सोळाव्या शतकातच मांडला होता. परंतु विचार मांडणे वेगळे आणि ग्रह शोधणे वेगळे. ग्रहाला स्वतःचा उजेड नसतो; ताऱ्याचा जो प्रकाश त्याच्यावर पडतो, तेवढ्यावर तो चमकतो. दूरवरून कोणी आपल्या सूर्यमालेकडे पाहिले, तर गुरू त्याला सूर्याहून सुमारे शंभर कोटी पटींनी अंधुक दिसेल. जत्रेतील गॅसबत्तीला चिकटून एक काजवा बसला आहे आणि तो आपल्याला चार कोसांवरून पाहावयाचा आहे, असे समजा. नुसती दुर्बीण मोठी केल्याने हे काम होत नाही.

मग ग्रह न पाहताच तो आहे हे ओळखावयाचे कसे? ह्याची युक्ती मुलींच्या फुगडीत दडलेली आहे. थोरली ताई आणि धाकटी बहीण हातांत हात गुंफून फुगडी घालतात, तेव्हा धाकटी मोठ्या वर्तुळात गरगर फिरते आणि पाहणाऱ्याचे लक्ष तिच्याकडेच जाते. पण नीट पाहिले तर ताईही एका जागी स्थिर नसते. तीसुद्धा एका लहानशा वर्तुळात फिरत असते, कारण धाकटी तिला आपल्याकडे ओढीत असते. आता कल्पना करा, की सर्वत्र काळोख आहे आणि ताईच्या डोक्यावर तेवढा एक कंदील आहे. धाकटी आपल्याला दिसत नाही. परंतु कंदील लयीत डुलताना दिसला, की ताईचा हात कोणीतरी धरला आहे हे आपण ओळखू. किती वेळात एक फेरा होतो आणि कंदील किती डुलतो ह्यांवरून ते 'कोणीतरी' किती दूर आणि किती वजनाचे आहे, ह्याचाही अंदाज बांधता येईल. तारा म्हणजे ती ताई, आणि ग्रह ही धाकटी.

ताऱ्याचे हे डुलणे फार सूक्ष्म असते, म्हणून ते त्याच्या प्रकाशावरून मोजतात. सूर्याचा प्रकाश लोलकातून गेला म्हणजे त्याचा सप्तरंगी पट्टा पडतो, हे तुम्ही शाळेत पाहिले असेल. ताऱ्याचा प्रकाश असाच पसरला, की त्या वर्णपटात हजारो बारीक काळ्या रेषा आढळतात. तारा आपल्याकडे सरकू लागला, की ह्या रेषा जांभळ्या बाजूकडे थोड्या ढळतात आणि तो दूर जाऊ लागला, की तांबड्या बाजूकडे. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी कर्णकटू होते आणि गाडी पुढे निघून गेली, की तिचा सूर उतरतो, तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच, की ५१ पेगासीच्या बाबतीत रेषा ढळतात त्या जास्तीत जास्त पन्नास लाख भागांतील एका भागाइतक्याच. हे मोजणारे यंत्र किती नाजूक असले पाहिजे, ह्याचा विचार करा.

यंत्रे सुधारत होती, तरी ग्रह सापडत नव्हता. १९६३ साली पीटर व्हान द कांप ह्या ज्योतिर्विदाने बर्नार्डच्या ताऱ्याजवळ गुरूहून मोठा ग्रह असल्याचे जाहीर केले. दहा वर्षांनी असे दिसून आले, की ते डुलणे ताऱ्याचे नव्हतेच. दुर्बिणीच्या दुरुस्ती-जुळवणीमुळे ते भासले होते. कॅनडातील संशोधकांनी एकवीस ताऱ्यांवर बारा वर्षे पहारा ठेवला. त्यांच्याही हाती काही लागले नाही. १९९२ साली दोन ग्रह खरोखर सापडले, पण ते एका मृत ताऱ्याच्या अवशेषाभोवती. त्याला सूर्य म्हणता येत नाही.

ह्या अपयशाचे एक कारण माणसाच्या समजुतीत होते, असे मला वाटते. आपल्या सूर्यमालेत लहान ग्रह सूर्याजवळ आहेत आणि गुरू-शनीसारखे प्रचंड ग्रह दूर आहेत. गुरूला एका प्रदक्षिणेस सुमारे बारा वर्षे लागतात. म्हणून सर्वांनी मनाशी धरले, की दुसऱ्या सूर्याच्या घरीही हीच व्यवस्था असणार. मोठा ग्रह शोधावयाचा तर दहा-बारा वर्षे वाट पाहिली पाहिजे. ऑटो स्ट्रूव्ह नावाच्या ज्योतिर्विदाने १९५२ सालीच लिहून ठेवले होते, की मोठा ग्रह ताऱ्याच्या अगदी निकटही असू शकेल, त्याची प्रदक्षिणा एखाद्या दिवसात पुरी होईल आणि वर्णपटावरून तो शोधता येईल. त्या सूचनेकडे चाळीस वर्षांत जवळजवळ कोणी लक्ष दिले नाही.

दक्षिण फ्रान्समध्ये ओत-प्रोव्हान्स येथे एक वेधशाळा आहे. तेथील १.९३ मीटर व्यासाच्या दुर्बिणीला 'एलोदी' नावाचे वर्णपट घेणारे नवे यंत्र जोडण्यात आले होते. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा विद्यापीठाचे प्राध्यापक मिशेल मायोर आणि त्यांचे तरुण विद्यार्थी दिदिए केलोज ह्यांनी सूर्यासारखे १४२ तारे निवडून त्यांचे वेध घेण्यास १९९४ साली आरंभ केला. त्याच वर्षी मायोर काही महिन्यांसाठी हवाई बेटांवर गेले आणि काम केलोज ह्यांच्यावर सोपवले गेले.

केलोज ह्यांना लौकरच एक चमत्कारिक गोष्ट दिसली. ५१ पेगासीचा वेग एका रात्री एक येई, तर पुढच्या रात्री वेगळाच. त्यांच्या मनात पहिला विचार आला तो ग्रहाचा नव्हे, तर दोषाचा. गणिताची मांडणी त्यांनी स्वतः केलेली होती. तीत चूक राहिली असेल, तर आपला सारा अभ्यास फुकट गेला, ह्या चिंतेने ते घाबरून गेले. त्यांनी कोणाला काही न सांगता तोच तारा पुन्हा पुन्हा पाहिला, गणित पुन्हा पुन्हा तपासले. दोष सापडेना. आकडे एका लयीत बसू लागले. तारा दर सव्वाचार दिवसांनी एक फेरा पुरा करीत होता! शेवटी त्यांनी गुरुजींना हवाईला फॅक्स पाठवून कळवले, की आपल्याला ग्रह सापडला आहे असे वाटते.

मायोर ह्यांनी घाई केली नाही. वस्तुतः घाई करण्यास मोठा मोह होता, कारण हा मान मिळवण्यासाठी जगात इतरही प्रयत्न करीत होते. १९९५ च्या मार्चपासून तारा सूर्याच्या बाजूला गेल्यामुळे दिसेनासा झाला. तो जुलैत पुन्हा दिसू लागेल तेव्हा कोणत्या रात्री त्याचा वेग किती असावा, ह्याचे गणित गुरुशिष्यांनी आधीच करून ठेवले. जुलैच्या त्या रात्री दोघेही दुर्बिणीजवळ होते. पहिल्या रात्रीचा आकडा गणिताशी जुळला. दुसऱ्या रात्रीचा जुळला, तिसऱ्याचा जुळला, चौथ्याचाही जुळला. मगच ६ ऑक्टोबर १९९५ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी आपला शोध जाहीर केला. काही दिवसांतच अमेरिकेतील लिक वेधशाळेच्या संशोधकांनी तो तारा पाहून त्याला दुजोरा दिला.

तरीही शंका संपल्या नाहीत. १९९७ साली कॅनडातील डेव्हिड ग्रे ह्यांनी असा आक्षेप घेतला, की वर्णपटातील रेषांचा आकार बदलतो आहे. तेव्हा हा ग्रह नसून ताऱ्याच्या पृष्ठभागाचीच कंपने असावीत. आक्षेप गंभीर होता. तो खरा ठरता, तर ग्रहच नाहीसा झाला असता. पण पुढच्या वर्षी त्यांनी स्वतः अधिक वेध घेतले, तेव्हा तसा बदल त्यांना आढळला नाही आणि ज्या नियतकालिकात त्यांनी आक्षेप छापला होता, त्याच नियतकालिकात त्यांनी ग्रह आहे हे मान्य केले. मायोर आणि केलोज ह्यांना २०१९ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, हे सर्वांना ठाऊक आहे. ग्रे ह्यांची ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही.

आता ह्या ग्रहाचे वर्णन ऐका. त्याचे वस्तुमान निदान गुरूच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे पृथ्वीच्या सुमारे दीडशे पट आहे. म्हणून २०१५ साली त्याला 'दिमिदियम' हे नाव मिळाले. त्या लॅटिन शब्दाचा अर्थच 'अर्धा' असा आहे. आपला बुध सूर्यापासून सुमारे पाच कोटी ऐंशी लक्ष किलोमीटर दूर आहे. दिमिदियम त्याच्या सूर्यापासून केवळ ऐंशी लक्ष किलोमीटरांवर आहे. तेथील उष्णता सुमारे एक हजार अंश सेल्सियस असावी. शिसे त्याच्या पुष्कळ आधी वितळते! आणि वर्ष केवळ सव्वाचार दिवसांचे. येथे ज्याला बारावे वर्ष पुरे झाले, त्याचे वय त्या हिशेबाने हजार वर्षांहून अधिक भरेल.

एवढा मोठा ग्रह एवढ्या आगीत जन्मला कसा? बहुतेक शास्त्रज्ञांचे मत असे, की तो तेथे जन्मलाच नाही. तो दूरच्या थंड प्रदेशात आकाराला आला आणि ताऱ्याभोवती त्या वेळी असलेल्या वायू आणि धुळीच्या तबकडीशी ओढाताण होत होत हळूहळू आत सरकत गेला. ग्रह आपली जागा सोडून असा प्रवास करू शकतात, ह्या विचाराला ह्या शोधामुळे मोठे महत्त्व आले.

एकदा वाट सापडल्यावर शोधांची रीघ लागली. महाश्वाच्या शेजारच्या देवयानी तारकासमूहात, सूर्याहून किंचित मोठ्या अशा एका ताऱ्याभोवती १९९९ साली एक नव्हे तर तीन ग्रह असल्याचे कळले. दुसऱ्या सूर्याचे असे कुटुंब प्रथमच आढळत होते. २०२५ पर्यंत परक्या ताऱ्यांच्या ग्रहांची संख्या सहा हजारांच्या वर गेली. आपला देशही ह्यात मागे राहिला नाही. केप्लर ह्या अवकाश दुर्बिणीला सूर्यासारख्या एका ताऱ्याजवळ ग्रहाची चाहूल लागली होती. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी अबूच्या पहाडावर गुरुशिखर येथील १.२ मीटरच्या दुर्बिणीला 'पारस' नावाचे वर्णपटयंत्र जोडून त्या ताऱ्याचे डुलणे मोजले आणि २०१८ साली ग्रहाचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे सत्तावीस पट असल्याचे जाहीर केले. षडंश तारकासमूहातील अशाच एका ताऱ्याचे आणि त्याच्या ग्रहाचे नाव ठेवण्याचा मान २०१९ साली भारताला मिळाला. ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी ह्यांच्या स्मरणार्थ 'बिभा' आणि ग्रहाला 'संतमस' असे नाव देण्यात आले.

पण आपल्या पृथ्वीसारखा ग्रह? त्याचे गणित कठीण आहे. दिमिदियम आपल्या सूर्याला सेकंदाला सुमारे छप्पन्न मीटर वेगाने डुलवतो. गुरू आपल्या सूर्याला सेकंदाला साडेबारा मीटर वेगाने डुलवतो. हा वेग आपल्या एस.टी. गाडीएवढा भरेल. आणि पृथ्वी? सेकंदाला जेमतेम नऊ सेंटिमीटर. रांगणाऱ्या बाळाहूनही मंद! शिवाय ताऱ्याचा पृष्ठभाग चुलीवरच्या आधणासारखा सारखा खालीवर होत असतो आणि त्या उकळीचा वेग ह्याहून कितीतरी अधिक असतो. त्या खळबळीतून नऊ सेंटिमीटरांची लय वेगळी काढावयाची आणि तीही वर्षातून एकच फेरा घेणारी. सूर्यासारख्या ताऱ्याच्या बाबतीत हे अद्याप साधलेले नाही. त्यासाठी आणखी नाजूक यंत्रे घडवण्याचे काम चालू आहे.