भरतीची धाव आणि नडगीचे दुखणे

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की नागपुरात पहाटे अंबाझरी-फुटाळ्याकडे धावणाऱ्या तरुणांची गर्दी वाढते. चाचणी मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटरची. पण कालपर्यंत न धावलेली मुले पहिल्याच आठवड्यात रोज ५-६ किलोमीटर धावतात, तेही आपल्या सिमेंटच्या रस्त्यांवर! पंधरवड्यात नडगी दुखू लागते.

दुखणे नडगीच्या आतल्या कडेने वीतभर पसरलेले असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर तो बहुधा स्नायूंवरचा व हाडाच्या आवरणावरचा ताण असतो. दुखणे थांबेपर्यंत धावणे बंद ठेवावे, फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटे लावावा. नंतर मातीच्या मैदानावर निम्म्या अंतरापासून सुरुवात करावी.

मात्र बोटाने दाबताच एका ठिकाणी कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी. हा तडा पहिले २-३ आठवडे एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही. तेव्हा ‘फोटो चांगला आला’ म्हणून धावू नये. वेदनाशामक गोळी घेऊन धावल्यास हाड पूर्ण मोडू शकते. वेळीच थांबल्यास ते साधारण ६ ते ८ आठवड्यांत भरून येते. पुन्हा केव्हा धावायचे, हे अस्थिरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.