गावातील गोधडी-मंडळ : थोड्या खर्चात आरंभ

नागपूर जिल्ह्यातील पुष्कळ घरांत लहान मूल ज्या गोधडीवर निजते, ती त्याच्या आजीच्या हातची असते. आईला ती शिवता येतेच असे नाही. वस्तू घरात आहे, विद्या मात्र एक पिढी मागे राहिली आहे. ज्यांना ती अवगत आहे, त्या वृद्ध स्त्रियांना सुईत दोरा ओवण्यास आता नातवंडांचे डोळे लागतात. म्हणून गावात गोधडी-मंडळ सुरू व्हावयाचे असेल तर ते लवकर व्हावे, आणि शिक्षकाने त्यास हातभार लावावा.

हा विषय शाळेला परका नाही. हाताच्या कामातून शिक्षण द्यावे हा विचार १९३७ च्या ऑक्टोबरात येथून जवळच, वर्ध्याच्या परिषदेत मांडला गेला. आणि विदर्भात गोधडी म्हटली की अंगावर चिंध्या पांघरून हाती खराटा घेणारे गाडगेबाबा कोणास आठवणार नाहीत?

खर्चाचा विचार प्रथम करावा, कारण बहुतेक मंडळे तेथेच अडतात. कापड विकत घ्यावयाचे नाही, हा पहिला नियम. नऊवारी लुगडे ९ वार, म्हणजे २७ फूट लांब असते. त्याचे चार समान तुकडे केल्यास प्रत्येक तुकडा पावणेसात फुटांचा होतो. पन्हा सुमारे ४ फूट. चार थरांची एक गोधडी एकाच लुगड्यात बसते. विरलेला भाग आतल्या थरांत घालावा, वरून शिंप्याकडील चिंध्यांची ठिगळे जोडावीत. हल्लीच्या कृत्रिम धाग्याच्या साड्या सुईखाली सरकतात व घाम शोषून घेत नाहीत. त्या वरच्या थरास चालतील, अंगाकडील थर मात्र सुती असावा.

दोऱ्याचा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. पावणेसात गुणिले चार, म्हणजे २७ चौरस फूट. टाक्यांच्या ओळींत दीड इंचाचे, म्हणजे फुटाच्या आठव्या भागाचे अंतर ठेवले तर ओळींची एकूण लांबी २१६ फूट, सुमारे ६६ मीटर भरते. टाका वर-खाली जातो म्हणून थोडी भर धरावी आणि दोरा दुहेरी घेतल्यास आकडा दुप्पट करावा. पाचवीच्या मुलास क्षेत्रफळ कशाकरिता शिकावयाचे, हे पुस्तकापेक्षा येथे लवकर कळते. जाड सुती दोरा, जाड सुया (दाभण नव्हे), दोन अंगुस्ताने, एक कात्री आणि एक वही, एवढ्या साहित्यास दहा जणींनी प्रत्येकी ५० रुपये दिले तरी आरंभापुरते भागावे. अनुदानाची वाट पाहत बसू नये.

काळ उन्हाळ्याचा बरा. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया दुपारी घरी सापडत नाहीत. वैशाखात शेतीकाम थोडे असते आणि शाळेचा व्हरांडा रिकामा असतो. शाळा व्यवस्थापन समितीची संमती आधी घ्यावी. कपडे मात्र फाल्गुनातच धुऊन, कडक उन्हात वाळवून ठेवावेत. पुढे विहिरी आटल्या म्हणजे धुण्यास पाणी कोण देणार?

शिवण्याची रीत वृद्ध स्त्रियांनी सांगावी व इतरांनी ऐकावी. साधारण क्रम असा: खालचा थर स्वच्छ जमिनीवर ताणून अंथरावा, त्यावर आतले थर, मग वरचा. सुरकुत्या हाताने मधून कडेकडे सारून लांब कच्चे टाके घालावेत. कडा आत दुमडून एका कोपऱ्यापासून धावदोरा सुरू करावा व कडेला समांतर फिरत फिरत मध्यापर्यंत यावे. चार बाजूंना चौघी बसतात, आणि काम आत सरकेल तशा शिवलेल्या भागावर बसून पुढे जातात. नवशिकीचा टाका वाकडा पडतो. तो तिच्या पाठीमागे उसवून पुन्हा घालण्याचा मोह कुशल स्त्रियांना होतो. तो आवरावा, दुसऱ्या दिवशी ती बाई येत नाही.

खरी अडचण दोऱ्याची नसून मनाची आहे. दुसऱ्या घरचे जुने कापड, क्वचित दुसऱ्या जातीच्या घरचे, आपल्या गोधडीत नको असे काहींना वाटते. यावर भाषण देऊन उपयोग होत नाही. पहिली गोधडी प्रत्येकीने आपल्याच घरच्या कापडाची, परंतु एकत्र बसून शिवावी. दुसरी सर्वांच्या कापडाची, अंगणवाडीतील बालकांसाठी शिवावी. मुलांकरिता म्हटले की कापड देताना हात आखडत नाही, आणि एका गोधडीत सर्वांची लुगडी येऊन जातात.

विक्रीची घाई करू नये. अमेरिकेत अलाबामा राज्याच्या विल्कॉक्स परगण्यात १९६६ साली गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली. त्यांच्या गोधड्यांचा लिलाव न्यूयॉर्कला झाला, मोठ्या दुकानांच्या मागण्या आल्या. पैसा मिळाला, हे खरेच. पण दुकानांना एकसारखा माल हवा असे. पुढे उशांचे अभ्रे शिवण्यात त्यांचा पुष्कळ काळ गेला. २०१२ साली ती संस्था बंद झाली. गावच्या मंडळाने मागणी आल्यास एकेक गोधडीच स्वीकारावी आणि किंमत ठरविताना बसलेल्या दिवसांची मजुरी धरावी. केवळ दोऱ्याचे मोल धरले तर बायांचे श्रम फुकट जातात.

वही शिक्षकाने लिहू नये. मंडळातील लिहिता येणाऱ्या स्त्रीने, ती नसेल तर सातवीतील एखाद्या मुलीने लिहावी आणि दर बैठकीस मोठ्याने वाचून दाखवावी. किती दोरा आला, कोणी किती वर्गणी दिली, कोण किती दिवस बसली. मुलगी वाचत असताना तिच्या आजीचे नाव आले म्हणजे क्षणभर थांबून आजीने कोणता कोपरा शिवला, तेही त्याच ओळीत लिहून घ्यावे.