आरोग्य विम्याचा हप्ता शासन भरते तेव्हा : काही समज आणि वस्तुस्थिती

गंभीर आजारावरील रुग्णालयाचा खर्च हे ग्रामीण कुटुंबाच्या कर्जबाजारीपणाचे एक जुने कारण आहे. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोगावरील उपचार किंवा मूत्रपिंडाचा विकार घरात आला की प्रथम दागिने, मग जनावरे आणि शेवटी जमीन, असा खर्चाचा क्रम ठरून गेलेला असतो. हा भार हलका करण्यासाठी हप्ता शासनाने भरावयाचा, जोखीम विमा कंपनीने स्वीकारावयाची आणि उपचार शासकीय व खाजगी रुग्णालयांनी द्यावयाचे, अशी व्यवस्था देशपातळीवर २००८ पासून अंमलात आली. तिच्या पुढील आवृत्त्या महाराष्ट्रात आजही कोट्यवधी लोकांच्या उपयोगाच्या आहेत. तथापि, लाभास पात्र असलेले कुटुंब ऐन आजाराच्या वेळी कर्ज काढून उपचार घेते आणि योजनेची चौकशी रुग्ण घरी परतल्यावर करते, हा प्रकार अद्यापि थांबलेला नाही.

याचे कारण केवळ अज्ञान आहे असे म्हणता येत नाही. गावात ज्यांचा सल्ला घेतला जातो ते शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व कर्मचारी विम्याविषयी काही ना काही जाणत असतात. अडचण अशी की, त्यांना जे ठाऊक असते ते बहुधा दुसऱ्याच एखाद्या व्यवस्थेविषयी असते. आयुर्विम्याची पॉलिसी, खाजगीरीत्या घेतलेला आरोग्य विमा, शासकीय कर्मचाऱ्यांची वैद्यकीय खर्च प्रतिपूर्ती किंवा बंद पडलेली एखादी जुनी योजना, यांचे नियम या योजनेला लावले जातात. माहिती आपापल्या जागी खरी असते. तिची जागा मात्र चुकलेली असते.

योजनांची वाटचाल

केंद्रीय श्रम मंत्रालयाची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना १ एप्रिल २००८ रोजी सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील पाच व्यक्तींपर्यंत वर्षाला ३० हजार रुपयांचे विमा संरक्षण तीत होते. कुटुंबाने नोंदणीसाठी ३० रुपये द्यावयाचे होते आणि हप्ता केंद्र व राज्य यांनी सर्वसाधारणपणे ७५ व २५ टक्के या प्रमाणात उचलावयाचा होता. विमा कंपन्या निविदेद्वारे निवडल्या जात व त्यांत सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांप्रमाणे खाजगी कंपन्याही होत्या.

महाराष्ट्र शासनाने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू केली आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू केली. प्रत्येक कुटुंबामागे वार्षिक ३३३ रुपये हप्ता शासनाने सार्वजनिक क्षेत्रातील नॅशनल इन्शुरन्स कंपनीला द्यावयाचा आणि कुटुंबाला दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळावयाचे, अशी तिची रचना होती. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी मर्यादा अडीच लाखांची होती. २०१७ मध्ये या योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली होती. १ एप्रिल २०२० पासून राज्यात दोन्ही योजना एकत्रितपणे राबविण्यास प्रारंभ झाला. पुढे २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने संरक्षणाची मर्यादा प्रतिकुटुंब पाच लाख रुपये करण्यात आली आणि सर्व शिधापत्रिकाधारक व अधिवासी कुटुंबांचा समावेश झाला. त्याची अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून सुरू झाली.

हा तपशील येथे देण्याचे कारण असे की, एकेका टप्प्यावरचा नियम लोकांच्या मनात तसाच राहून गेला आहे. दारिद्र्यरेषेचा दाखला हवा, केशरी शिधापत्रिकेवर एक लाखाच्या आतील उत्पन्नाची नोंद हवी, पांढरी शिधापत्रिका चालत नाही, ही तिन्ही विधाने कधी काळी बरोबर होती. पांढऱ्या शिधापत्रिकेच्या बाबतीत तर मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांचा अपवाद पूर्वीपासूनच होता. आज ती विधाने सांगून कोणाला परत पाठविले, तर तो त्या कुटुंबावर अन्याय ठरेल.

कार्डातील ‘पाच लाख’

कार्ड मिळाले म्हणजे नावावर पाच लाख रुपये जमा झाले, हा समज व्यापक आहे. वर्षभर कोणी आजारी पडले नाही तर ती रक्कम पुढील वर्षाच्या रकमेत मिळते, किंवा निदान भरलेला हप्ता तरी परत येतो, अशीही अपेक्षा असते. मुदतीअंती रक्कम परत देणाऱ्या आयुर्विम्याचा अनुभव त्यामागे असावा. आरोग्य विम्यात पाच लाख ही उपचारखर्चाची कमाल मर्यादा असते. ती संपूर्ण कुटुंबाची मिळून असते. एकाच्या उपचाराला साडेतीन लाख लागले तर उरलेल्या दीड लाखांत त्या वर्षी इतरांचे भागवावे लागते. वर्ष संपले की मर्यादा नव्याने सुरू होते, शिल्लक पुढे जात नाही.

मग न वापरलेल्या हप्त्याचे काय होते? २०१२ चे आकडे घेतले तर हे सहज उमगते. ३३३ रुपयांच्या हप्त्याने दीड लाखाची हमी मिळत होती. म्हणजे एका कुटुंबाने पूर्ण मर्यादेपर्यंत उपचार घेतले, तर सुमारे ४५० कुटुंबांचे वर्षाचे हप्ते त्या एकाच रुग्णासाठी खर्ची पडत. साडेचारशे घरांचे एखादे गाव डोळ्यांपुढे आणावे. त्यातील एका घरावर आलेले संकट उरलेल्या घरांच्या हप्त्यांतून निभावले जाते. ज्या घरात आजारपण आले नाही त्याचा हप्ता वाया गेला असे समजण्याचे कारण नाही. कंपनीकडे अवाजवी नफा राहू नये यासाठी केंद्रीय योजनेच्या नमुना करारात दावे कमी आल्यास ठरलेल्या मर्यादेपलीकडील शिल्लक परत करण्याची अट आहे. अनेक राज्यांनी तर विमा कंपनीस वगळून शासकीय संस्थेमार्फत रुग्णालयांना थेट रक्कम देण्याची हमी पद्धती स्वीकारली. महाराष्ट्रात २०२० च्या व्यवस्थेत राज्याची योजना विमा पद्धतीने व केंद्राची हमी पद्धतीने चालविली गेली. पैसा कोणत्या वाटेने जातो यावरून रुग्णाच्या हक्कात फरक पडत नाही, हे गावपातळीवर सांगणे पुरेसे आहे.

‘आधी भरा, मागाहून मिळेल’

सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच. शासकीय कर्मचारी व शिक्षक यांना प्रतिपूर्तीची पद्धत अंगवळणी पडलेली असते. रुग्णालयाचे देयक आधी स्वतः भरावयाचे, पावत्या व प्रमाणपत्रे जोडावयाची आणि कार्यालयामार्फत प्रस्ताव पाठवावयाचा, हा त्यांचा नेहमीचा अनुभव. शेजाऱ्याच्या घरी आजारपण आले की तेही सद्भावनेने सल्ला देतात : सध्या पैसे भरून टाका, पावत्या जपून ठेवा, मंजुरी नंतर करून घेऊ.

या योजनेत असे होत नाही. योजना रोकडरहित आहे. रुग्ण दाखल होताच त्याची योजनेखाली नोंदणी व्हावी लागते, डॉक्टरांनी सुचविलेल्या उपचारास पूर्वमंजुरी घ्यावी लागते आणि त्यानंतर ठरलेली रक्कम थेट रुग्णालयास अदा होते. समजा, एखाद्या शेतमजुराला छातीत कळ आली आणि नातेवाइकांनी त्यास जवळच्या रुग्णालयात नेऊन सावकाराकडून आणलेली रक्कम भरली. ते रुग्णालय योजनेत नसेल, तर पावत्यांची कितीही जाड फाईल सादर केली तरी तो खर्च परत मिळणार नाही. रुग्णालय योजनेत असून नातेवाइकांनी शिधापत्रिका दाखविलीच नाही, तर रुग्णाची नोंद खर्च स्वतः करणारा म्हणून होते आणि परिणाम बहुधा तोच होतो.

म्हणून रुग्णालयात पाऊल ठेवताच विचारावयाचा पहिला प्रश्न आरोग्यमित्राचा असावा. योजनेत सहभागी असलेल्या प्रत्येक रुग्णालयात कागदपत्रे तपासण्यासाठी व मार्गदर्शनासाठी आरोग्यमित्र नेमलेला असतो. तातडीच्या प्रसंगी कागदपत्रांसाठी उपचार अडवून धरावयाचे नसतात. दूरध्वनीवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची आणि कागद ठराविक मुदतीत सादर करण्याची सोय आहे. ही सोय ठाऊक नसल्यामुळे, शिधापत्रिका गावी राहिली म्हणून नातेवाईक अनामत रक्कम भरून मोकळे होतात.

मंजूर उपचाराच्या रकमेत खाट, शुश्रूषा, तपासण्या, औषधे, शस्त्रक्रिया व रुग्णाचे भोजन यांचा समावेश असतो. सबब, ‘शस्त्रक्रिया योजनेत, पण औषधे बाहेरून आणा’ हे म्हणणे मान्य करण्याचे कारण नाही. लाभार्थीकडून रुग्णालयाने रक्कम घेतल्याचे सिद्ध झाल्यास ती परत करावयास लावण्याची व दंडाची तरतूद आहे. मात्र त्यासाठी पावती हवी. पावती न देता घेतलेल्या रकमेविषयी तक्रार करणे फार कठीण होऊन बसते.

जुना आजार आणि घरातील सहावी व्यक्ती

खाजगीरीत्या विकत घेतलेल्या आरोग्य विम्यात आधीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षाकाल असतो. विमा नियामक प्राधिकरणाने तो २०२४ मध्ये चार वर्षांवरून कमाल तीन वर्षांवर आणला. हे ठाऊक असलेला सुशिक्षित माणूस मधुमेही किंवा हृदयरोगी शेजाऱ्याला ‘तुमचा आजार जुना आहे, योजनेत बसणार नाही’ असे सांगून टाकतो. शासनाने हप्ता भरलेल्या या योजनांत जुना आजार ही अडचणच नाही. पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. वैद्यकीय तपासणी करून कुटुंबे निवडावयाची असती, तर ज्यांना गरज अधिक तेच बाहेर राहिले असते.

कुटुंबातील व्यक्तींच्या संख्येचेही असेच आहे. पाच जणांची अट २००८ च्या योजनेत होती. त्यावेळी नोंदणीत कोणाला घ्यावयाचे व कोणाला वगळावयाचे हे घरात ठरवावे लागे, आणि वगळले जाणारे नाव पुष्कळदा म्हाताऱ्या आईचे असे. आता संख्येची अट नाही, वयाची नाही. तरीही ‘आजीचे नाव कार्डात बसत नाही’ हे वाक्य ऐकू येते.

वृद्धांच्या संदर्भात आणखी एक गोष्ट निवृत्त शिक्षकांनाही ठाऊक असावी. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाचा विचार न करता, केंद्रीय योजनेत सामावून घेण्यात आले आहे. ज्या कुटुंबास आधीच संरक्षण आहे त्यातील अशा वृद्धांसाठी पाच लाखांची मर्यादा स्वतंत्र आहे. खाजगी विमा असला म्हणून अपात्रता येत नाही. केंद्र सरकारी आरोग्य योजनेसारख्या दुसऱ्या शासकीय योजनेचा लाभ घेणाऱ्यांना मात्र दोहोंपैकी एक निवडावी लागते.

योजना कोठे संपते

योजनेची भलावण करताना तिच्या मर्यादा झाकून ठेवल्या, तर विश्वास टिकत नाही. पहिली मर्यादा रुग्णालयाची. खाजगी रुग्णालय म्हणजे कोणतेही रुग्णालय नव्हे. ते योजनेने अंगीकृत केलेले असावे लागते, आणि तेही त्या विशिष्ट शाखेसाठी. अस्थिरोगासाठी अंगीकृत असलेले रुग्णालय कर्करोगासाठी असेलच असे नाही. काही नेहमीच्या शस्त्रक्रिया शासकीय रुग्णालयांसाठी राखीव ठेवलेल्या असतात. उपचारांची यादीही ठरलेली असते. २०१२ मध्ये तीत ९७१ उपचार होते, २०२३ च्या निर्णयाने ते १,३५६ झाले. ही यादी वेळोवेळी बदलत असल्याने जुन्या पत्रकावर विसंबून उत्तर देऊ नये.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. ही योजना मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. रक्तदाबाची रोजची गोळी, तापासाठी बाह्यरुग्ण विभागातील तपासणी, चष्मा, गुडघेदुखीवरील मलम यांचा खर्च तीत येत नाही. केंद्रीय योजनेत दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस व घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस एवढाच काळ जमेस धरलेला आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्ह असली तरी उरलेला वाटा लहान नाही, आणि त्यात नित्याच्या औषधांचा भाग मोठा आहे. कार्ड हाती आले म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातील मोफत गोळ्या बंद करणारा मधुमेही रुग्ण त्या कार्डाचा उपयोग करण्याची वेळ स्वतःच ओढवून घेतो.

मुख्यमंत्री सहायता निधी हा या योजनेचा भाग नाही, तो वेगळा आहे. त्याच्या अर्जाची पद्धत निराळी आहे आणि योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी प्रथम योजनेकडेच जावे लागते.

ग्रामपंचायतीला करता येण्याजोगे काम

बहुतेक अडचणी रुग्णालयाच्या खिडकीपाशी उघडकीस येतात, परंतु त्यांचे मूळ गावातील कागदांत असते. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या शिधापत्रिकेतून कमी झालेले असते आणि सासरच्या पत्रिकेत चढलेले नसते. आधारपत्रावर एक आडनाव व शिधापत्रिकेवर दुसरे असते. विभक्त झालेल्या भावांनी पत्रिका वेगळी करून घेतलेली नसते. नवजात बालकाची जन्मनोंद राहिलेली असते. यांपैकी कोणतीही दुरुस्ती अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकाकडून होण्यासारखी नाही. ग्रामसेवक, रास्त भाव दुकानदार आणि आशा कार्यकर्ती यांनी एकत्र बसून यादी तपासली, तर ती एका हंगामात होऊ शकते. जिल्ह्यातील अंगीकृत रुग्णालयांची शाखावार यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. शाळेच्या फलकावरही ती असण्यास हरकत नाही, कारण रात्रीअपरात्री ती वाचून दाखविणारा बहुधा घरातील शाळकरी मुलगा किंवा मुलगीच असते. केंद्रीय योजनेचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १४५५५ हा आहे. रुग्णालयाने पैशाची मागणी केल्यास आरोग्यमित्र, त्यानंतर योजनेचे जिल्हा समन्वयक आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील तक्रार निवारण समिती या क्रमाने दाद मागता येते. तक्रारीत रुग्णाच्या दाखल होण्याची तारीख, मागितलेली रक्कम आणि ती मागणाऱ्याचे पद नमूद करावे, व शक्यतो रुग्ण रुग्णालयात असतानाच ती नोंदवावी.