नमदा आणि नम्ना

वारज्याहून शिवण्याच्या रस्त्याने पुढे गेले, की खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी लागते. १९५५ सालापासून तिथे सैन्याचे भावी अधिकारी शिकतात. त्यांना घोड्यावर बसायलाही शिकवतात.

घोड्यावर बसायचे तर जीन हवे. पण जीन असते टणक. ते उघड्या पाठीवर कसले, तर घासते. घामाने कातडी हुळहुळते, सोलते, जखम होते. पाठ सोललेला घोडा काय कामाचा? मुके जनावर, बोलणार कुणाला! म्हणून जिनाखाली एक जाड, मऊ गादी घालतात. इंग्रजीत तिला म्हणतात 'नम्ना'.

शब्द परका वाटतो ना? पण नीट ऐका. हा तर आपला 'नमदा'!

नमदा म्हणजे दाबलेल्या लोकरीचे जाड कापड. घोंगडी मागावर विणतात. नमदा विणत नाहीत. लोकर पसरायची, भिजवायची, दाबायची, गुंडाळून मळायची. मग केसात केस अडकतो आणि कापड तयार होते. जुन्या माणसांना बुरणूस आठवेल, तोही असाच. काश्मिरात आजही नमदे करतात.

'नमद' हा मूळचा फारसी शब्द. तो हिंदुस्थानात आला आणि नमदा झाला. इंग्रजांच्या राज्यात घोडदळात गोरे साहेब आणि देशी स्वार एकत्र असत. १८१७ साली पुण्यात उभे राहिलेले 'पूना हॉर्स' हे असेच घोडदळ. स्वार म्हणायचे नमदा. साहेबांच्या जिभेवर 'दा'चा 'ना' झाला. एकोणिसाव्या शतकात शब्द विलायतेला पोचला. आता तिकडे नम्ना सुती असतो, मेंढीच्या कातड्याचाही असतो. नाव मात्र तेच.

आपला 'खोगीर' शब्दही फारसीच. त्याचा मूळ अर्थ घाम टिपणारे. खोगिरात चिंध्या भरत, म्हणून बिनकामाच्या गर्दीला आपण 'खोगीरभरती' म्हणतो. पण घोड्याला विचारा! त्या भरतीनेच त्याची पाठ वाचते.

तेव्हा इंग्रजी शब्द दिसला, की बिचकू नये. अक्षरे लावून मोठ्याने वाचावा. कधीकधी आतून आपलेच माणूस ओ देते.

सांगा पाहू:
१. जिनाखाली गादी का घालतात?
२. घोंगडी आणि नमदा यांत फरक काय?
३. तुमच्या बोलण्यातले बाहेरून आलेले पाच शब्द लिहा.